दूरदेशीचा बडग्या

मनोहररावांनी आयुष्यात एकतीस बडगे रंगवले, आणि त्यातला एकही निरपराध नव्हता, असं ते छातीठोकपणे सांगत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती, म्हणजे गावाची पिडा वाहून नेणाऱ्या बायकांचे पुतळे, निघतात आणि त्यांच्यामागून गल्लोगल्लीच्या मंडळांचे बडगे निघतात. बांबूचा सांगाडा, वर कागद, कागदावर रंग. वर्षभर ज्यानं लोकांना छळलं त्याचा हा पुतळा दिवसभर मिरवायचा, त्याच्या नावानं बोंबा मारायच्या, 'ईडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणायचं आणि संध्याकाळी त्याला काडी लावायची. महागाईचा बडग्या होतो, डेंग्यूचा होतो, रस्त्यातल्या खड्ड्यांचा तर एक वर्षाआड होतोच. खड्डे काही जळत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

जन्मभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले आणि धंदा बसला, पण इतवारीतल्या त्यांच्या मंडळाला बडग्याच्या तोंडासाठी दुसरा हात चालत नसे. त्यांचे नियम दोन. मिरवणुकीच्या सकाळपर्यंत तोंड कापडाखाली झाकलेलं राहील. आणि माणसाचा बडग्या करायचा असेल तर त्याचा गुन्हा आधी आपल्या डोळ्यांनी पाहणार. एका वर्षी मंडळाला गल्लीतल्या दूधवाल्याचा बडग्या हवा होता. मनोहरराव आठ दिवस पहाटे त्याच्या गोठ्यावर जाऊन बसले आणि 'पाणी नाई टाकत तो, म्हैसच तशी आहे' असा निकाल देऊन ब्रश ठेवून मोकळे झाले.

यंदाचा माणूस त्यांच्या लेकीनं आणला. नूपुर एकुलती एक, धरमपेठेतल्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. एका रविवारी तिनं मोबाइल बापाच्या नाकासमोर धरला. परदेशातल्या कुठल्याशा संस्थेनं केलेला नऊ मिनिटांचा व्हिडिओ होता आणि तो म्हणे जगातल्या कोट्यवधी लोकांनी पाहिला होता. आफ्रिकेतल्या एका देशात एक बंडखोर सरदार आहे, तो गावातली पोरं पळवतो आणि त्यांच्या हातात बंदुका देतो. एक पोरगं नुसतंच कॅमेऱ्याकडे बघत बसलेलं होतं. मग सरदाराचा फोटो आला आणि खाली आवाहन, की या माणसाचं तोंड जगातल्या प्रत्येक चौकात दिसलं पाहिजे. मनोहररावांच्या डोळ्यांना धार लागली.

त्या देशाचं नाव मंडळातल्या तिघांनी तीन तऱ्हांनी घेतलं आणि चौथ्यानं तो देश नकाशात ब्राझीलच्या शेजारी शोधला. पण पोरं पळवतो म्हटल्यावर पुढचं विचारायची कुणाला गरजच वाटली नाही. ठराव एका चहात पास झाला.

आणि गंमत अशी, की त्या देशाचा एक माणूस मनोहररावांच्याच घरात वरच्या खोलीत राहत होता. नाव सामुएल. फार्मसी शिकायला आलेला, दोन वर्षांत गल्लीचा सामू झालेला, आणि गल्लीचीच मराठी बोलणारा. गेल्या वर्षी मनोहररावांना डेंग्यू झाला तेव्हा पाच दिवस दवाखान्यात उशाशी तोच बसून होता. नूपुरची परीक्षा होती.

नूपुरनं त्याला गाठलं. तिचं एक पेज होतं. पूर्वी त्यावर पाणीपुरीचे फोटो असायचे, आता त्या लढाईचं सगळं यायचं, आणि बघणारे रोज वाढत होते.

"सामू, तुझ्या देशाबद्दल बोल ना कॅमेऱ्यासमोर."

सामू पायरीवर बसला. "लढाई तशी नाही आहे, नूपुर. दोन बाजू नाही, पाच बाजू आहेत. सरकारचे शिपाईबी पोरं नेतात. आन् आमच्या भागात तर सहा वर्षं झाली, लढाई नाहीच. आता तिकडं पाहिजे दवाखाना, आन्..."

"अरे, तीस सेकंदात सांग ना. आणि थोडं रडल्यासारखं."

सामू हसला, 'मग राहू दे' म्हणाला आणि वर निघून गेला. मनोहरराव बाजूलाच भाजी निवडत होते. त्यांना वाटलं, बिचाऱ्याला दुःख बोलवत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं. खरं तर तो बोलतच होता, ऐकत कुणी नव्हतं. पण हे त्यांना कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

त्या संध्याकाळी त्यांनी जिन्यातून हाक मारली. "सामू, यंदा तुह्यासाठी एक गोष्ट करून राहिलो मी."

"काय, काका?"

"पाहशीन ना मारबतीच्या दिवशी."

दोन आठवडे ते मंडळाच्या शेडमध्ये त्या फोटोवरून तोंड रंगवत बसले. मंडळाचा अध्यक्ष दुर्गेश येऊन म्हणाला, "काका, काळं कुट्ट करा ना, राक्षस दिसला पाहिजे."

"माणूस डांबराचा नसते गा," मनोहरराव म्हणाले आणि चार डबे उघडून कातडीचा खरा रंग जमवत राहिले. नाक जमलं, ओठ जमले. डोळ्यांपाशी मात्र हात अडायला लागला. कितीही रंगवले तरी ते डोळे दुष्ट होईनात. थकलेले होते, रात्रभर कुणाची तरी वाट पाहणाऱ्या माणसाचे असतात तसे.

"पोरं पळवणाऱ्याचे डोळे असे काहून वं?" त्यांनी नूपुरला विचारलं.

"बाबा, तो जंगलात लपून राहतो ना. झोप कुठून येणार?"

त्यांना पटलं. दूधवाल्याच्या गोठ्यावर जाऊन बसता आलं होतं, आफ्रिकेत कुठं जाऊन बसणार? जन्मात पहिल्यांदा त्यांनी आपल्या डोळ्यांऐवजी दुसऱ्याच्या डोळ्यांवर भरवसा ठेवला, आणि ते डोळे पोटच्या पोरीचे होते.

मारबतीच्या सकाळी पंधरा फुटी बडग्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा राहिला. गळ्यात पाटी होती, 'पोरं पळवणारा सैतान'. च्यानलचा कॅमेरा आला होता, ढोल तापत होते. मनोहररावांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. त्यांनी सामूचा हात धरून त्याला पुढं आणलं आणि कापडाची दोरी त्याच्या हातात दिली. असा मान त्यांनी आजवर आमदारालाही दिला नव्हता.

"तुह्या देशाचा वैरी हाय. तूच ओढ."

सामूनं हसत दोरी ओढली. कापड खाली आलं, शिट्ट्या पडल्या, पण सामूच्या हातातून दोरी काही सुटेना.

"काका," तो म्हणाला, "हे तो नाही."

"तो नाई म्हंजे?"

"हे माझे हेडमास्तर आहेत."

ढोलांच्या आवाजात बाकीचं त्यानं मनोहररावांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. शाळेतून पोरं उचलून नेली तेव्हा हेडमास्तर एकटे त्या सरदाराकडे जंगलात गेले. एकदा नाही, चारदा. हात जोडले, शेकहँड केला, त्याच्या पंगतीला बसले आणि दर खेपेला थोडी थोडी पोरं सोडवून आणली. कुणीतरी दोघांचा फोटो काढला होता. व्हिडिओसाठी तो फोटो कापणाऱ्यानं त्यातला चुकीचा माणूस ठेवला.

"तिसऱ्या खेपेले सुटलेल्या पोरांत मी होतो," सामू म्हणाला. दोन वर्षांत हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आणि फाशी देणारा हात कुणाचा, तर मनोहररावांचा. त्यांनी वळून नूपुरकडे पाहिलं. 'हेडमास्तर' तेवढं तिनंही ऐकलं होतं. ती रडवेली झाली होती, पण दचकली नव्हती. जन्मभर चेहरे रंगवलेल्या माणसाला तेवढं पुरे होतं.

"तुले मालूम होतं."

"बाबा, परवाच समजलं. संस्थेच्या पेजवर कोणीतरी लिहिलं होतं. मग त्यांनी फोटो बदलला."

"बदलला? आन् चुकलो म्हणून सांगतलं नाई?"

"नाही. नुसता बदलला, गुपचूप. पण बाबा, तोवर तुमचा बडग्या झाला होता, च्यानलवाले येणार होते, मी पेजवर सगळं सांगून बसले होते... मला वाटलं, इथं कोण ओळखतंय त्यांना!"

"ओळखणारा आपल्याच घरात जेवते," मनोहरराव म्हणाले, "हे नाई वाटलं तुले?"

परक्यानं फसवलं तर माणूस चारचौघांत शिव्या देऊन मोकळा होतो. घरच्यानंच फसवल्यावर शिव्या तरी कोणाच्या नावानं द्यायच्या?

ते दुर्गेशकडे धावले. "थांबव गा. हा भला माणूस हाय. उतरव त्याले खाली."

"काका, आता?" दुर्गेशनं घड्याळ दाखवलं. "शहीद चौकात आपला नंबर लागला आहे. आन् तोंड कोणाचंही राहो ना, भावना तर खरी आहे लोकाईची!"

ट्रॅक्टर सुरू झाला. सामू फुटपाथवर तसाच उभा होता. मनोहररावांना एकच सुचलं. तोंडच उरलं नाही, तर निदान तो माणूस तरी जळणार नाही. पाटी लिहायला आणलेला काळ्या रंगाचा डबा ट्रॉलीतच होता. सत्तरीच्या घरातला तो माणूस धोतर खोचून बांबूच्या शिडीवर चढला आणि सगळ्यात आधी त्यानं ते थकलेले डोळे झाकले.

खालून गर्जना उठली. "फासा, काका, फासा! काळं फासा त्याच्या तोंडाले!"

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपण काय करतोय आणि लोकांना काय दिसतंय. ब्रश नाकावर थांबला. इथंच सोडावं तर अर्धा चेहरा अजून हेडमास्तरांचा होता. पुरं करावं तर गर्दी नाचत होती. "नाई रे बाबांनो, नाई," ते ओरडले. ढोलांत ते कुणालाही ऐकू गेलं नाही. कॅमेरा मात्र अगदी जवळ आला होता. मनोहररावांनी दात आवळले आणि हनुवटीपर्यंत काळं फासलं.

संध्याकाळी बडग्या जळाला. सामू तिथं नव्हता आणि मनोहररावही नव्हते.

तो व्हिडिओ दोन दिवसांत जगभर गेला. त्याच संस्थेनं तो उचलला आणि वर लिहिलं, 'भारतातल्या एका म्हाताऱ्या कलाकाराचा संताप'. कापड खाली पडतानाचा चेहरा आधी, काळं फासणं नंतर. संस्थेनं स्वतः गुपचूप काढून टाकलेलं तोंड आता मनोहररावांच्या रंगात पुन्हा घरोघर पोचलं. नूपुरनं आपलं पेज पुसून टाकलं, दोन दिवस जेवली नाही, बापाच्या दाराशी बसून राहिली. पण निघून गेलेलं कुठून परत आणणार? मनोहरराव तिच्याशी मीठ-भाकरीपुरतं बोलत. त्यांना तिची कीव यायची आणि राग त्याहून जास्त यायचा.

सामू त्यांना टाळत होता. नवव्या दिवशी तो आपणहून खाली आला आणि त्यानं मोबाइलवर एक आवाज लावला. सामूच्या भाषेतला, म्हाताऱ्या माणसाचा, हळू. मध्ये एकदा खोकला आला.

"हेडमास्तर?" मनोहररावांनी विचारलं.

"हो."

"काय म्हणून राहिले?"

सामूनं एकेक वाक्य जुळवून सांगितलं. "गावच्या पोरांनी त्यांना व्हिडिओ दाखवला. आता पोरं त्यांच्याकडे बघून कुजबुजतात. काही आयाबाया शाळेशी येऊन विचारतात, की तुम्ही खरंच त्या सरदाराचे माणूस होते का. आन् हेडमास्तर मला विचारतात, सामुएल, तू त्याच शहरात राहतो ना? माझ्या तोंडाले काळं फासणारा तो म्हातारा कोण आहे? तुझ्या ओळखीचा आहे का?"

मनोहररावांनी मोबाइलकडेच पाहत विचारलं, "मंग? काय सांगतलं तू?"

सामूनं मोबाइल खिशात ठेवला.

"नाही म्हणालो, काका. म्हटलं, मी त्याले ओळखत नाही."