घड्याळ वाढलं

मी दामोदररावांच्या डाव्या मनगटावरचं घड्याळ बोलतोय. माझा आवाज मुळातच लहान, कानाशी धरल्याशिवाय ऐकू न येणारा. आता तर तोही उरलेला नाही. तेव्हा कान लावू नका, नुसतं समजून घ्या.

माझा जन्म स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगराळ गावातला. माझ्या पोटात सेल नाही. रोज सकाळी कोणीतरी चिमटीत धरून किल्ली द्यायची, की मी दुसऱ्या सकाळपर्यंत चालणार. दुकानाच्या काचेत मी मखमलीवर बसलेलो असायचो. एके दिवशी काचेपलीकडे एक बारीक, सावळा, गळ्यापर्यंत गुंडी लावलेला माणूस येऊन उभा राहिला आणि काही न विचारता निघून गेला. दुसऱ्या दिवशी परत आला. असं बरेच दिवस चाललं.

दामोदरराव तेव्हा बंगळूरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. विषय वंगणाचा. फिरणाऱ्या दोन धातूंच्या मध्ये तेलाचा पातळ थर कसा टिकतो, याच्यावर त्यांची डॉक्टरेट. परदेशी प्रशिक्षणाला आले की रोजचा भत्ता मिळायचा, आणि तो वाचवायचा हा त्या प्रयोगशाळेतल्या सगळ्या शास्त्रज्ञांचा रिवाजच होता. दामोदररावांनी हॉटेलात पाऊल टाकलं नाही. खोलीतल्या शेगडीवर भात शिजवायचा, त्यावर घरून आणलेलं मेतकूट. रविवारी भाजणीचं थालीपीठ. अशा पोटाला काढलेल्या चिमट्यातून त्यांनी मला घेतलं.

घेतल्यावर मात्र ते घाबरले. विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याने काही विचारायच्या आतच त्यांनी शर्टाची बाही वर केली आणि सांगून टाकलं. कर भरला, पावती घेतली, तरी बाहेर पडताना कोणी मागून हाक मारतंय का म्हणून वळून वळून पाहत होते.

घरी त्यांच्या पत्नीने, विद्याताईंनी, स्वेटरसाठी लोकर आणायला सांगितली होती. ती राहिलीच. विद्याताईंनी मला हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाल्या, "मेतकूट माझं, भाजणी माझी. त्यावर राहून हे आणलंत. म्हणजे यात निम्मा वाटा माझा."

"घड्याळाचा निम्मा वाटा कसा देणार?"

"वेळ तुम्ही बघा. आवाज माझा."

थट्टाच होती ती. पण तेव्हापासून सुट्टीच्या दुपारी जेवण झालं की त्या आडव्या व्हायच्या आणि म्हणायच्या, "अहो, माझा वाटा." मग दामोदरराव पलंगाशी खुर्ची ओढून मनगट त्यांच्या कानाशी धरायचे. ते निवृत्त झाल्यावर हा वाटा रोजचा झाला.

पुढे काचबिंदूने विद्याताईंचा आधी डावा डोळा नेला, मग उजवा. थट्टेतल्या वाट्याची तेव्हा गरज झाली. एकदा त्या म्हणाल्या होत्या, "हा आवाज कानाशी असला की डोळे मिटून पडल्यासारखं वाटतं. नसला की नुसता अंधार." दामोदररावांनी भिंतीवरचं सेलचं घड्याळ त्यांच्या उशाशी आणून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, हे नळ गळल्यासारखं वाजतं, घेऊन जा.

विद्याताईंची एक सवय इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. जुन्या मराठी घरांत बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. नारळही फोडत नाहीत, वाढवतात. विद्याताईंनी हा शब्द घरातल्या सगळ्या वस्तूंना लावला होता. बल्ब गेला की तो वाढला. बादलीची कडी तुटली की बादली वाढली. तोंडातून अभद्र काढायचं नाही, एवढंच.

त्यांचे डोळे गेल्यावर बंगळूरमधल्या हेब्बाळच्या या घरात दिवसभर सोबतीला कौशल्या येऊ लागली. तिचं घराणं शहाजीराजांच्या काळापासून इकडचं. मराठी बोलते, पण निम्मी कन्नड. पहिल्याच आठवड्यात विद्याताई तिला म्हणाल्या, "कौशल्या, मिक्सर वाढला गं." कौशल्या कामाला लागली. "कित्ती वाढला अक्का? थांबा स्वल्प, कोपऱ्यावरच्या दुकानात विचारून येते." ती खरोखरच चपला घालून भाव विचारायला निघाली होती. त्या दिवशी विद्याताई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. दामोदररावही हसले. मला ते हसू मनगटाच्या शिरेतून ऐकू आलं.

आता माझ्या दुखण्याकडे येतो. माझ्यासारख्या यंत्राला काही वर्षांनी पूर्ण उघडून, धुऊन, नवं तेल द्यावं लागतं. नाही दिलं तर जुनं तेल सुकतं आणि चाकं स्वतःलाच खात जातात. हे काम चिकपेटेतले पिराजी घड्याळजी करत. डोळ्याला भिंग लावून ते माझ्याशी कन्नडमध्ये बोलायचे आणि दामोदररावांशी मराठीत. देऊ ते पैसे घ्यायचे, वर कॉफी पाजायचे. मग कंपनीने सुटे भाग बाहेरच्या कारागिरांना देणं बंद केलं. पिराजींनी काही वर्षं जुन्या मेलेल्या घड्याळांतले भाग काढून मला जगवलं. पुढे ते गेले. त्यांच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

उरलं ते मॉलमधलं कंपनीचं केंद्र. तिथे पांढरे हातमोजे, गार हवा, आणि भूमिका नावाची गोड बोलणारी मुलगी. पहिल्या वेळेचा खर्च ऐकून दामोदरराव खुर्चीत बसले. दुसऱ्या वेळेला तो दुप्पट झाला होता. तिसऱ्या वेळेला, म्हणजे गेल्या पावसाळ्यात, तो दोन महिन्यांच्या पेन्शनच्या पलीकडे गेला. काटे बदलावेच लागतील, तबकडीही बदलावी लागेल, नुसतं तेल घालून मिळणार नाही. भूमिका म्हणाली, "सर, लवकर ठरवा. पुढच्या महिन्यात रेट परत वाढणार आहेत."

दामोदरराव घरी आले ते ठरवतच. मुलाला, मुकुलला, सांगावं का? मुकुल शहराच्या दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडला राहतो. महादेवपुऱ्यातली त्याची नोकरी आदल्या दिवाळीत गेली, आणि घराचे हप्ते चालूच आहेत. रविवारी येतो तेव्हा हसरा चेहरा करून येतो. त्याला सांगायचं नाही, हे त्यांनी ठरवलं. मग कौशल्याला निम्म्या दिवसाचंच बोलवावं का? पण मग ती नसताना विद्याताई आंघोळीला घसरल्या तर? एखादं जुनं घड्याळ विकून टाकणारे कितीतरी असतात, आपणच का असे अडकतो? असं म्हणून ते मला काढायचे आणि परत बांधायचे. दिवसातून कितीतरी वेळा.

मी तेव्हा मधूनमधून थांबू लागलो होतो. वाट्याच्या वेळेआधी ते मला हलवून घ्यायचे, आणि मी कसाबसा चालायचो. विद्याताई म्हणायच्या, "दमलंय हो आज." ते म्हणायचे, "हवा दमट आहे."

शेवटी त्यांना वाटलं, आपण जन्मभर वंगणाचंच काम केलं. मग हे आपल्याला का जमू नये?

त्यांनी योग्य तेच तेल मागवलं. एवढीशी कुपी, अत्तरापेक्षा महाग. कौशल्या विद्याताईंना घेऊन खाली बागेत बसली होती, तेवढ्यात जेवणाच्या टेबलावर पांढरा पंचा पसरून त्यांनी माझी पाठ उघडली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना आतून दिसलो, आणि ते मला इतक्या जवळून. त्यांचे ओठ हलत होते. बहुतेक सूत्रं म्हणत होते.

पहिला थेंब अचूक पडला. मला थंड वाटलं, बरं वाटलं. तिथे थांबले असते तर कदाचित मी आणखी काही दिवस काढले असते.

पण त्यांना शंका आली. पुरेसं झालं का? मोठ्या यंत्रांच्या बाबतीत त्यांनी आयुष्यभर हेच सांगितलं होतं, की कमी पडण्यापेक्षा जास्त झालेलं बरं. त्यांनी दुसरा थेंब सोडला. मग, पहिला नक्की त्याच जागी पडला होता ना? म्हणून तिसरा. तो कडेला पडला. जिथे तेल लागूच द्यायचं नसतं तिथेही गेलं. घड्याळात थेंब पसरायला लागला की त्याला कोणी थांबवू शकत नाही. तो माझ्या केसाएवढ्या बारीक स्प्रिंगवर चढला, तिचे वेढे एकमेकांना चिकटले आणि ती आखूड झाली; आखूड स्प्रिंग घड्याळाला पळवते.

मी सुटलो. माझ्याच आवाक्याबाहेर धावू लागलो. दामोदररावांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, जमलं.

दुपारी विद्याताईंनी कान लावला आणि कपाळावर आठी आणली. "अहो, हे कुठे निघालंय एवढ्या घाईत?" मग त्यांनी दामोदररावांचं मनगट चाचपलं. "तुम्हाला बरं नाही का?"

"मी ठीक आहे. तू नीज."

त्या नाही निजल्या. आणि संध्याकाळ व्हायच्या आत मी थांबलो. हलवलं, ऊब दिली, फुंकर घातली. काहीच झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते केंद्रात गेले. मला आत नेलं आणि थोड्या वेळाने भूमिका परत आली. या वेळी तिचा आवाज खाली होता. बाहेर उघडलेलं यंत्र कंपनी दुरुस्त करत नाही, सगळं आतलं बदलायचं. म्हणजे माझ्यातलं जे काही मी आहे ते काढून दुसरं घालायचं. त्याचा आकडा तिने कागदावर लिहून दाखवला, तोंडाने सांगितला नाही. दामोदररावांनी तिला थँक्यू म्हटलं, मला बांधलं, आणि मॉलच्या सरकत्या जिन्यावर चढायच्या ऐवजी ते बराच वेळ बाजूला उभे राहिले.

घरी जेवणं झाली. विद्याताई आडव्या झाल्या. "अहो, माझा वाटा."

दामोदररावांनी खुर्ची ओढली. मनगट कानाशी नेलं. आणि मग त्यांनी काय केलं असेल? दुसऱ्या हाताच्या नखाने ते माझ्या कडेवर टिचकी मारू लागले. टिक, टिक, टिक. श्वास रोखून. कपाळावर घाम. पीएच.डी. झालेला ऐंशीच्या घरातला माणूस घड्याळाचा आवाज काढत होता. मध्येच एक टिचकी चुकायची, मग पुढच्या दोन घाईत पडायच्या. मी आतून जीव तोडत होतो, एक चाक हलावं, फक्त एक.

विद्याताई ऐकत राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "वाढलं ना हो?"

सकाळी ते कुठे गेले होते हे कौशल्याने त्यांना सांगितलं असणार. दामोदररावांना वाटलं, खर्चाचं विचारतायत. दुसरं काही विचारलं नाही या सुटकेतच त्यांनी उत्तर दिलं, "हो, वाढलं. फारच वाढलं गं. आपल्या हाताबाहेर गेलं."

बोलताना त्यांची टिचकी थांबली होती.

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. आपण कुठल्या 'वाढलं'ला हो म्हटलं हे त्यांना तेव्हा कळलं. मनगट त्यांनी मागे घेतलं नाही. ते रडत होते आणि रडण्याचा आवाज होऊ नये म्हणून तोंड उघडं ठेवलं होतं.

विद्याताईंनी उशीवरून मान हलवली नाही. "थांबलात का?" त्या म्हणाल्या. "वाजवा की. वाटा माझा आहे."

त्यांनी पुन्हा टिचकी मारायला सुरुवात केली.

तेव्हापासून रोज दुपारी हे असं चाललंय. पण त्यांच्या बोटाचा कंप वाढतोय. कालच्या दुपारी नख दोनदा कडेवरून घसरलं. विद्याताई निजल्यासारखं करतात. निजत नाहीत, हे मला त्यांच्या पापण्यांवरून दिसतं. माझी दुरुस्ती महाग का होईना, जगात कुठेतरी होते. त्या बोटाची कुठे होते, हे मला कोणी सांगेल का?

आणि दामोदरराव, एक विनवणी तुम्हालाही आहे. सकाळी आंघोळ झाली की तुम्ही अजून मला किल्ली देता. ती फिरत नाही, कारण आधीचीच खर्च झालेली नाही. तरी तुम्ही शंका येऊन पुन्हा जोर लावून बघता. माझ्या पोटात चालण्याचं सगळं बळ गच्च भरलेलं आहे आणि मला पाऊल टाकता येत नाही. आता पुरे करा. पोटातली ही मोठी स्प्रिंग ताणाने कधीतरी तुटेल. तो आवाज मात्र मोठा असेल, विद्याताईंना पलंगावर ऐकू जाईल.

त्या दिवशी कोणी तुटलं म्हणू नका. घरातला शब्द वापरा. कौशल्या दारातून तुम्हाला विचारेल, "कित्ती वाढलं अण्णा?" तिला काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.