शुक्रवारपर्यंतचे पाहुणे

सकाळचा उजेड या खोलीत घाईने येत नाही. आधी तो खिडकीच्या गजांवर टेकतो, मग भिंतीच्या पोपडे धरलेल्या चुन्यावरून सावकाश उतरतो. वाळत टाकलेल्या टॉवेलच्या कडेशी जरा रेंगाळतो आणि दूधवाल्याची सायकल बोळातून निघून गेल्यावरच फळीवर चढून माझ्यापर्यंत पोहोचतो. त्यात विशेष काही नाही. तो रोजचाच उजेड आहे. तरी त्याने माझ्या अंगावरचे हिरवट डाग उजळले, की मला लपावेसे वाटते.

मित्रांनो, मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. पितळेचा, पोटाने गोल, झाकण फिरवून घट्ट लावता येणारा. एका तांबटाने मला ठोकून घडवले आणि अप्पारावांनी पैठणच्या बाजारातून वैजापूरकडच्या आपल्या गावी आणले. प्रवासाला निघणारा प्रत्येक शेजारी मला मागून नेई. माझ्यातले पाणी सांडत नाही, असा माझा लौकिक होता.

बहात्तरच्या दुष्काळात गावची विहीर तळाला गेली. अप्पारावांची नजर अधू, गोजरबाईंचे गुडघे धरलेले. त्यामुळे विहिरीत उतरून वाटीवाटीने पाणी खरवडण्याचे काम त्यांची सून कौसा करी. मुलगा पुंडलिक खडी फोडायला जाई. लग्नाला वर्ष झाले, तरी त्या दोघांनी मिळून साधा बाजार पाहिला नव्हता. अखेर म्हाताऱ्यानेच सांगितले, चार दिवस औरंगाबाद बघून या. कौसाने रांजण काठोकाठ भरून ठेवला.

निघताना उपदेशांची शिदोरी भाकरीहून जड झाली.

“वाट विचारायची तर दुकानात बसलेल्याला विचारा,” अप्पाराव म्हणाले. “चालत्या मानसाला नाय. तो सोताच चुकलेला असतो.”

“अन् हिला कासाराच्या दुकानापुढून नेऊ नगं,” गोजरबाई म्हणाल्या. “मकबरा ऱ्हाईल बाजूला.”

“नवं पानी एकदम पिऊ नका, बाधतं,” अप्पाराव म्हणाले. “तांब्यात घरचं थोडं ठिवायचं, त्यातच शहराचं मिसळायचं.”

“शुक्रवारी या, बाबा,” गोजरबाई हळूच म्हणाल्या. “रांजण तवरच पुरंल.”

मोतीराम हा पुंडलिकाचा गावमित्र चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होता. त्याच्या मुकुंदवाडीच्या खोलीत आम्ही उतरलो. मकबरा पाहिला, पाणचक्की पाहिली, गुलमंडीवर कासाराच्या दुकानापुढून दोनदा गेलो. कौसा दर वेळी माझ्या तळाशी गावचे पाणी थोडे राखी आणि वरून नळाचे भरी. ती धार पहिल्यांदा अंगावर पडली तेव्हा मी दचकलो. पाणी खरवडावे लागत नाही, ते आपण होऊन येते, हे मला ठाऊकच नव्हते.

गुरुवारी मोतीरामने पुंडलिकाला कारखान्यात चिकटवून दिले. शुक्रवारी एसटी आमच्याविना गेली. त्यापुढच्या शुक्रवारीही गेली.

“तांब्यात गावचं पानी हाये अजून,” पुंडलिक म्हणे. “म्हंजी आपून पाहुनेच.”

“व्हय, पाहुनेच,” कौसा म्हणे. “पाहुन्यानं चूल तेवढी इकत आनली.”

मीही स्वतःला तेच बजावीत होतो. रोज थोडे उपसायचे आणि रोज थोडे भरायचे. त्यात गावचा थेंब कुठवर टिकणार, हे मी कधी पाहिले नाही.

एका सकाळी गावाकडचा फकिरा दारात उभा राहिला. कौसाने त्याला माझ्यातले पाणी दिले. तो ते एका दमात प्यायला.

“म्हातारा हिरीत उतरतोय,” तो म्हणाला. “कंबरंला दोर. वरून म्हातारी धरती. परवा घसरला.”

“लागलं का लई?” पुंडलिकाने विचारले.

“कोपर सोललं. मला म्हनला, पोरांना सांगू नगंस. बघू दे त्यास्नी शहर.”

फकिरा गेल्यावर कौसाने गाठोडे बांधले.

“पगार होऊ दे, मग जाऊ,” पुंडलिक म्हणाला.

“हिरीला तुमचा पगार कळतो व्हय?”

ती मला घेऊन नळावर गेली. वाटेसाठी मला भरायचे होते. मी भरलो, काठावरून ओसंडू लागलो, तरी ती तशीच बसून राहिली. तिने धारेखाली आपले दोन्ही हात धरले होते. त्या हातांवर विहिरीच्या दगडांचे ओरखडे होते. बऱ्याच वेळाने ती उठली, खोलीत आली, मला फळीवर ठेवले आणि गाठोडे सोडले. पुंडलिक कामावर गेला.

पुढे पाऊस झाला, आणि म्हाताऱ्यांना शहरात आणले. अप्पाराव उतरताच म्हणाले, “मकबरा बघितला का रं?” बाही त्यांनी मनगटापर्यंत ओढून घेतली होती. पुंडलिकाने मान हलवली आणि चपला शोधण्याच्या निमित्ताने तो बाहेर गेला. कौसाने मात्र सासऱ्यांची बाही वर सारली, कोपर पाहिले, आणि ते जेवून उठेपर्यंत ती मान वर करू शकली नाही.

मित्रांनो, आता घरोघरी प्लास्टिकच्या बाटल्या आहेत; मला कोणी चिंच लावून घासत नाही. त्याची तक्रार नाही. एवढीच विनंती आहे : नवे शहर पाहायला निघाल, तेव्हा मागे घरी राहणाऱ्यांच्या रांजणात किती पाणी आहे ते पाहून निघा, आणि सांगितलेल्या दिवशी परता.

तांब्याला पाय नसतात, नेतील तिकडे तो जातो, असे मी आजवर सांगत आलो. पुंडलिकाला दोष दिला, कौसालाही दिला. पण त्या सकाळी नळाखाली भरत असताना मलाही परत जायचे नव्हते.