नळाला गुंडाळलेली गोधडी

दशरथ फौजेत भरती होऊन लडाखला निघाला, तेव्हा त्याच्या आईनं, गिरजाबाईंनी, आपल्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून त्याला दिली होती. उंद्री गावात त्यांची पत्रं वाचायचे आणि लिहायचे ते भगवंतराव गुरुजी. दशरथ त्यांचाच विद्यार्थी.

पौषात त्याचं पत्र आलं. छावणीतला नळ रोज गोठतो, पाइप फुटतो, प्यायला पाणी राहत नाही. गुरुजींना शिकवायला निमित्तच हवं असायचं. उत्तर लिहिताना त्यांनी बाईंच्या मजकुराखाली आपल्या दोन ओळी घातल्या : ‘पाइपाला जाड कापड गुंडाळ, गोधडी असली तर उत्तम. आणि नळ थोडा ठिबकत ठेव.’ पोराकडे गोधडी एकच आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

माघात तार आली. छातीत थंडी भरून दशरथ गेला होता. आठवड्यानं त्याच्या सोबत्याचं पत्र आलं, ते वाचता वाचता गुरुजी मध्येच थांबले.

“काऊन थांबले, गुरुजी? गोधडी होती ना त्याच्या अंगावर?”

पुढची ओळ गाळता आली असती. पण गुरुजींना खोटं वाचता येईना.

“नाही, बाई. ती नळाला गुंडाळली होती. तसं मीच लिहिलं होतं त्याला.”

गिरजाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

“मी तं जाताना सांगतलं होतं, बाबू, गोधडी कोनाले देऊ नको,” त्या म्हणाल्या. “माह्यं कुठं आयकलं त्यानं? तुमचंच आयकलं.”