जिवाणूंच्या मुखी पद

पेडण्याच्या पद्मावतीबाई कीर्तनाला नारदाच्या गादीवर उभ्या राहिल्या, की मोरजीचे रापणकार जाळी तशीच वाळूवर टाकून येत आणि धारगळच्या बायका चिखलाच्या पायांनीच देऊळ गाठत. अशा बाईंचा उजवा पाय त्या वर्षी उशीवर चढून बसला होता. साखरेचा आजार जुना. गोळ्या चालेनाशा झाल्या आणि अंगठ्याची जखम भरायचं नाव घेईना. म्हापशाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, इन्सुलिन टोचून घ्या, नाहीतर पाय जाईल.

बाई तयारही झाल्या होत्या. पण दवाखान्यातला कंपाउंडर सगुण पडला कीर्तनवेडा. बाईंशी लपवाछपवी करणं त्याच्या जिवावर आलं. त्यानं हात जोडून सांगून टाकलं, "बाईनु, हां औशद गायीच्या पोटातल्या मासापासून काढतत."

झालं! बाईंनी बाही खाली ओढली ती ओढलीच. "पाय गेलो तर गेलो. गायीचां मास अंगात घेवन मी हरिनाम घेवचंय ना."

बाईंची भाची वर्षा मुंबईला एका प्रयोगशाळेत कामाला होती. हे कानी येताच तिनं धावाधाव करून विलायतेहून नव्या तऱ्हेचं इन्सुलिन मिळवलं, थर्मासात बर्फ भरला आणि गोवा गाठला. आधी थेट म्हापशाला जाऊन डॉक्टरांना बाटल्या दाखवल्या, किती टोचायचं ते विचारून घेतलं. राहिलं होतं फक्त मावशीचं मन वळवणं, आणि तोच डोंगर मोठा होता.

"ह्यात गाय नाही मावशी, डुक्कर नाही," वर्षा म्हणाली. "माणसाच्या अंगात बनतं तेच हे."

"शिव शिव! गाय सोडलंस आणि माणूस धरलंस?"

"अगं, कुणाला हात नाही लावला! ते कसं बनवायचं, हे आपल्या पेशींत चार अक्षरांत लिहिलेलं असतं. शास्त्रज्ञांनी ती अक्षरं ओळखली, एकेक करून ओवली आणि जिवाणूच्या पोटात ठेवली. आता तो वाढतो तशी त्याच्याबरोबर ती ओळही वाढते, आणि सगळे मिळून आपल्यासाठी इन्सुलिन बनवतात. ते गाळून, शुद्ध करून बाटलीत भरतात. जिवाणू मागेच राहतात."

"आणि हो जिवाणू ऱ्हवता खंय?"

"आतड्यात. तुझ्या, माझ्या, देवळातल्या भटजींच्यासुद्धा."

"भटाक सांगू नको गो बाय, दिसभर न्हात बसतलो!" मावशी खळखळून हसल्या. पण बाही काही वर झाली नाही. "तू सांगतंस तां शाळेतलां. जां कीर्तनात सांगूक येणा ना, तां माका खरां वाटणा ना. परवा डिचोलीक माझां कीर्तन आसा. माझ्यान उभी ऱ्हवाक जायना, पूर्वरंग तू कर. सभेक समजलां तर माका समजलां, मगे खुशाल सुई मार. ना समजलां तर बाटल्यो परत व्हर."

लहानपणी वर्षा मावशीच्या मागे टाळ घेऊन उभी राहायची खरी, पण गादीवर कधीच नाही. त्यात गोव्याला राज्याचा दर्जा मिळालेलं ते वर्ष. कोकणी की मराठी, यावर टिंटोवर, भर बाजारात, भाजीच्या टोपल्यांपाशीसुद्धा भांडणं जुंपत.

"सांगू कुठल्या भाषेत?"

"देवाक दोनूय कळतत. लोकांक कळूक होयां, तां बघ."

डिचोलीचा सभामंडप संध्याकाळी गच्च भरला. खाणीवरचे ट्रकवाले मागच्या खांबांना टेकले होते, बायका पुढे. मावशी मागे खुर्चीवर, बांधलेला पाय स्टुलावर, हातात चिपळ्या. वर्षानं नमन केलं आणि सुरुवातीलाच प्रयोगशाळेतले जडजंबाळ शब्द तिच्या तोंडातून बदाबदा पडले. पहिली जांभई खांबापाशी आली. दुसरी थेट पेटीवाल्याला.

ती सावरली. हातातली बांगडी काढून तिनं वर धरली. "जिवाणूच्या पोटात असं एक इवलंसं कंकण असतं. ते कापायचं, मध्ये आपली ओळ बसवायची, पुन्हा जोडायचं आणि परत जिवाणूत सोडायचं." माना हलू लागल्या. तेवढ्यात देवळाचे म्हातारे महाजन गोपाळबाब उठले.

"बाये, कंकण सगळ्या जिवाणूंच्या पोटात जाता?"

"नाही बाब. हजारांत एखाद्याच्या."

"मगे तो एकलो तुका मेळता कसो? नाव घेवन हाक मारतंस?"

मंडप हसला. वर्षाला उत्तर ठाऊक होतं, हात रोज तेच काम करत होते. पण इथं, या माणसांना, सांगायचं कसं? मागे चिपळ्या थांबल्या होत्या. मावशीच्या पायाची पांढरी पट्टी तिला न वळताही दिसत होती.

ती गादीवरून खाली उतरली. पहिल्या रांगेत फुलं विकणारी गंगा बसली होती. वर्षा तिच्या कानाशी लागली आणि काल रात्री जुळवलेलं पद तिला घोकवून परत वर आली.

"आता गंगाबायच्या कानात सांगितलं ते पद ज्यांना येतं त्यांनी बसा. बाकीचे सगळे मंडपाबाहेर! आज शिऱ्याचा प्रसाद आतल्यांनाच."

एकच गलका उडाला. "ह्यो खंयचो न्याय?" "आमी काय पाप केलां?" कुरकुरत, चपला शोधत मंडप रिकामा झाला. गोपाळबाबांनाही काठी टेकत उठावं लागलं. श्रोत्यांत उरली एकटी गंगा, लाजून पदरात तोंड लपवलेली.

"मिळाली की नाही बाब?" वर्षानं बाहेर हाक दिली. "कंकणात ओळीशेजारी एक चिलखतही बसवलेलं असतं. मग वरून असं औषध ओततात, की बिनचिलखताचे सगळे मरतात. जगतो तोच आपला! आता गंगाबाय, बाहेर जा. एकाला पद शिकव आणि आत घेऊन ये."

गंगानं नेमकं गोपाळबाबांनाच धरलं.

पद तुझे देवा, लहानाच्या मुखी,
करी आम्हां सुखी, गाता गाता।।

बाबांनी 'लहानाच्या'ऐवजी 'थोराच्या' म्हटलं. गंगानं त्यांना उंबऱ्यावरच अडवलं. "चुकलां! परत म्हणा."

"बघा बघा," वर्षा आनंदानं ओरडली, "जिवाणूतही असंच! चुकीचं अक्षर लागलं, की लिहिणारा तिथंच थांबतो, खोडतो आणि बरोबर लावतो."

एकाचे दोन झाले, दोघांचे चार. चौघं बाहेर गेले आणि आठ होऊन आले. मग मोजायला कुणाला सवड राहिली! शिऱ्यासाठी म्हणा, ईर्षेनं म्हणा, माणसं एकमेकांच्या कानात पद ओतत आत लोटू लागली. ट्रकवाल्यांनी वरचा सूर धरला, मृदंगी दुप्पट लयीत शिरला. बघता बघता मंडप पुन्हा भरला. पण मघा गेली होती ती गर्दी, आणि आता आला होता तो एकच आवाज. शब्दाला शब्द, मात्रेला मात्रा. गोपाळबाब तर टाळ्या पिटत सगळ्यांना सांगत होते, "समजलां रे! एका गंगेन सगळी डिचोली भरली!"

वर्षा वळली. मावशीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि बाही खांद्यापर्यंत वर गेली होती.

"पद देवाचां," मावशी सभेला म्हणाल्या. "आमी उतरून घेतलां आणि त्याच्या सगळ्यात ल्हान लेकराक गावूक दिलां. असां औशद नाकारूचां म्हणजे त्याचोच शब्द नाकारूचो. मार गो सुई!"

देवासमोर, भर घोषात, वर्षानं सुई टोचली. मंडपात जयजयकार उठला. त्या गडबडीत मावशीचा हात हळूच शिऱ्याच्या द्रोणाकडे सरकला आणि वर्षानं तो तितक्याच हळू द्रोणावरून उचलला.

रोजची सुई घेता घेता पावसाळा सरला, तेव्हा म्हापशाच्या डॉक्टरांनी पायाची पट्टी शेवटची सोडली. अंगठा गुलाबी, धडधाकट. त्याच आठवड्यात पद्मावतीबाई पेडण्याच्या देवळात उभ्या राहिल्या. कुणाचा आधार नाही, काठी नाही. दोन्ही पायांनी ठेका धरून त्यांनी अख्खं आख्यान लावलं, आणि नाचताना त्यांची टाच अशी पडत होती की पेटीवाल्यानं भाता सांभाळत म्हटलं, "बाईनु, जरा दमान! लादी फुटात."

"फुटांदे!" बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढची गिरकी घेतली.