घेरातलं कापड

“विकले. सकाळीच विकले सगळे शेअर,” ताईने शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता सांगितलं.

धाकटा भाऊ दारातच थांबला. एका पायात चप्पल तशीच.

“अगं, मला विचारायचं तरी होतंस!”

“तुला काय विचारायचं? तूच तर काढलंस चित्र.”

खरंच होतं तिचं. धाकटा वर्तमानपत्रात तक्ते काढायचा. बावीस वर्षं मान मोडून तेच काम, पण पहिल्या पानावर आज पहिल्यांदाच. एका बँकेच्या शेअरची गेल्या वर्षीची किंमत आणि आताची, अशी दोन निळी वर्तुळं. किंमत निम्म्यावर आली होती, म्हणून त्याने पट्टी लावून मोठ्याच्या निम्म्या रुंदीचं लहान वर्तुळ काढलं. संपादकांनी पाठ थोपटली तेव्हा स्वारी फुशारली होती, खोटं कशाला बोला!

आणि शेअर त्याच बँकेचे. मेहुणे तिथे रखवालदार होते. जाताना मागे ठेवलं ते एवढंच. भाव सावरला की ते विकून डोळ्यांचं ऑपरेशन करायचं आणि मशीन एकदाचं बंद करायचं, असं ताईने मनाशी ठरवलं होतं.

“ताई, निम्मीच घसरलीये गं. खाली आकडे दिलेत की मी!”

“एवढाले बारीक आकडे मला दिसतात होय? चित्र दिसलं.” तिने पेपर पुढे ओढला. “चाळीस वर्षं घेर कापतेय. या मोठ्याला जेवढं चौकोनी कापड लागेल ना, त्यात हे असले चार निघतात. म्हणजे उरला पाव. म्हटलं, उद्या तोही जायचा.”

धाकट्याने मोठ्या वर्तुळाभोवतीचा चौकोन फाडला. एक घडी घातली, दुसरी घातली. ती घडी लहान वर्तुळावर नेमकी बसली. तिथूनच त्याने संपादकांना फोन लावला.

“आकडे बरोबर आहेत ना? मग चूकदुरुस्ती कसली छापायची?” म्हणत त्यांनी फोन ठेवलासुद्धा.

“किती मिळाले?” त्याने ताईला विचारलं.

“दलालाच्या दाराशी ही रांग! प्रत्येकाच्या हातात तुझंच चित्र. माझा नंबर लागेपर्यंत खरंच पाव भाव झाला होता बघ.”

दुपारी बँकेने खुलासा केला होता आणि भाव पुन्हा कालच्याएवढा झाला होता. ‘घाबरू नकोस, विकू नकोस,’ एवढंच सांगायला तो धावत आला होता. ते आता कोणत्या तोंडाने सांगणार?

“चुकलं गं माझं.”

“तू काय मुद्दाम केलंस? रडू नकोस वेड्यासारखा. सुई ओवून दे तेवढी.”

तो मशीनपाशी वाकला. दोरा भोकाशी जायचा आणि बाजूला पडायचा. एकदा, दोनदा, तीनदा.

“होऊ दे सावकाश,” ताई म्हणाली. “आता रोजच लागणार आहे.”