उशीवरून डोकं वर

"श्वासाची नळी काढायची नाही," मी म्हणाले आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातावर हात ठेवला.

ऑपरेशन संपलं होतं. शिडीवरून पडून टेबलावरच्या रंगाऱ्याच्या नडगीचं हाड मोडलं होतं, मग त्यात पू झाला होता. आज सर्जननी ते खरवडून साफ केलं. भुलीचे डॉक्टर नवे, माझ्या भाच्याच्या वयाचे.

"सिस्टर, उतारा दिलाय. श्वास घेतोय की तो."

"डोकं उचलून दाखवू दे." मी रंगाऱ्याच्या कानाशी वाकले. "दादा, उशीवरून डोकं उचला. मी पाच म्हणेपर्यंत धरा."

दोनलाच डोकं खाली पडलं.

मला वाटलंच होतं. ऑपरेशन संपताच चादर बदलायला त्याला कुशीवर वळवलं तेव्हा कमरेखाली सुयांचे डाग दिसले, म्हणून मी बाहेर जाऊन त्याच्या बायकोला विचारून आले होते. सहा आठवडे ती घरीच त्याला अँटिबायोटिकची इंजेक्शनं देत होती. "आज सकाळचंही चुकवलं नाही," ती अभिमानाने म्हणाली. फाइलमध्ये याचा पत्ताच नव्हता. यातली काही इंजेक्शनं भुलीतल्या स्नायू ढिले करणाऱ्या औषधाला जोर देतात. उतारा देऊनही श्वासाचे स्नायू पुन्हा लुळे पडू शकतात.

हे सगळं मी तिथेच सांगितलं.

"पुढचा पेशंट खोळंबलाय," सर्जन म्हणाले. "तुम्ही भूलतज्ज्ञ कधी झालात?"

"नाही झाले. पण नळी राहील."

सर्जननी कपाळाला आठ्या घातल्या. नव्या डॉक्टरांनी मात्र हात मागे घेतला.

श्वास देणारं यंत्र पुढच्या पेशंटला हवं होतं. रंगाऱ्याला शेजारच्या खोलीत नेलं, डॉक्टरांनी झोपेचं थोडं औषध दिलं आणि नळीला जोडलेली ऑक्सिजनची पिशवी मी हातात घेतली. दाबायची, सोडायची. तासाभरात बोटं भरून आली. डॉक्टर मधूनमधून येऊन तपासायचे, "मी धरतो" म्हणायचे. मी काही पिशवी सोडली नाही. हट्टी म्हणून माझी ख्याती आहेच, तिला जागले.

हात थांबू नये म्हणून बोलत राहिले. घरचं, दारचं, सुनेचं. ते सगळं संपल्यावर एका पेशंट बाईचं निघालं. बारा वर्षांपूर्वी, याच खोलीत, असाच उतारा दिलेला. मला तिचा श्वास उथळ वाटला होता. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, ठीक आहे. मी गप्प बसले. वॉर्डात पोचेपर्यंत ती निळी पडली होती.

"मी बोलायला हवं होतं," मी त्या झोपलेल्या माणसाला सांगितलं. नवऱ्यालाही हे कधी सांगितलं नव्हतं.

तीन तासांनी त्याचा श्वास माझ्या हाताशिवाय नीट चालू लागला. डॉक्टर आले.

"उचला दादा."

पाच झाले. मी दहापर्यंत मोजलं. डोकं वरच होतं. मग डॉक्टरांनी नळी काढली.

तो खोकला. मी ओलं फडकं त्याच्या ओठांना लावलं, तसं त्याने माझं मनगट धरलं. आवाज पार बसला होता.

"सिस्टर, त्या बाईचं नाव काय होतं?"

मी सांगितलं. त्याने ते एकदा हळूच म्हटलं आणि डोळे मिटले.