गौरम्माचा ओटा

भूकंपात माहेर गाडलं गेलं तेव्हापासून गौरम्मा छताखाली झोपली नव्हती. लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत घरापुढचा ओटा हीच तिची झोपायची जागा. पावसात वर ताडपत्री बांधायची, पण आत म्हणून जायची नाही. आज तोच ओटा फोडायला जेसीबी दारात उभा होता.

घरांपुढचे ओटे फोडून गल्लीत पायी चालायला जागा करायची, गाड्या तोंडाशीच अडवायच्या, असं बैठकीत ठरलं होतं. मोटरसायकली चुकवत नालीच्या कडेनं जाणारी पोरं गुरुपादप्पा गुरुजी रोज बघत. "पहिला माझा ओटा फोडा," असं ते भरात बोलून बसले. बायकोला, गौरम्माला, विचारायचं राहिलं आणि नंतर सांगायचा धीर झाला नाही.

गौरम्मा ओट्यावरून हलेना.

"काका, त्यांना उठवा," महापालिकेचा इंजिनिअर घड्याळ बघत म्हणाला.

समोरचा मन्मथ स्वतःच्या ओट्यावरून हसला. "कशाला उठवता? वहिनींचा राहिला तर माझाबी राहतो. चालू द्या हाय तसं."

गुरुजी इंजिनिअरकडं वळले. "साहेब, चुकलं माझं. माझा शब्द मागं घेतो."

"मग कुणाचाच फुटत नाही, काका. गल्लीचं काम इथंच संपलं."

"मागं कशाला घेता?" गौरम्मा आता बोलली. "गावाला विचारलं, मला विचारलं का? आता विचारा. समद्यांसमोर."

गुरुजींची मान खाली गेली. "ओटा फोडू का, गौरम्मा?"

"मी झोपू कुठं?"

"भिंतीला लागून बाज टाकू. आता गाड्या येणार न्हाईत."

"पोरांना वाट राहील?"

इंजिनिअरनं पावलांनी अंतर मोजलं. "राहील, काकू."

गौरम्मा उठली. जेसीबी घरघरला आणि जमीन थरथरली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं दाराची चौकट घट्ट धरली.

गुरुजी मशीनच्या पुढ्यात धावले. "बंद करा! बंद करा म्हणतो ना!"

"हातानं फोडायला दिवस जाईल, काका."

"जाऊ द्या."

त्यांनी मजुराच्या हातातली पहार घेतली. पहिला घाव दगडावरून निसटला. मन्मथ खो खो हसला. "गुरुजी, अशानं दिवाळी उजाडंल!"

गौरम्मा चौकट सोडून रस्त्यावर आली.

"दात काय काढायलात, भाऊजी?" ती म्हणाली. "या, पहार धरा. ह्यांच्या कमरेत उसण भरंल."